रश्श्याचा धोका

त्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा आमच्याकडे दुपारची गर्दी ऐन भरात होती. नागपुरात हुडकेश्वरच्या रस्त्याला आमचं लहानसं सावजी भोजनालय आहे, जाळ रश्श्याचं. चुलीपाशी माझा नवरा, बाकी सगळं माझ्याकडे: वाढणं, भाकरी थापणाऱ्या बायांशी हुज्जत घालणं, गिऱ्हाइकांची तोंडं सांभाळणं. बाईंनी गळ्यातलं ओळखपत्र माझ्यापुढे धरलं, ‘परवाना विभागातून आलेय, तपासणी करायची आहे,’ म्हणाल्या आणि मी हातातलं ताट खाली ठेवायच्या आत चपलांसकट स्वयंपाकघरात शिरल्या. आमच्या स्वयंपाकघरात चपला जात नाहीत. मला त्या तिथेच नकोशा झाल्या आणि पुढे कधी हव्याशा झाल्या नाहीत.

त्यांनी फ्रीज उघडला, पाण्याच्या टाकीत डोकावल्या, मटणाच्या पातेल्यावरचं झाकण पेनाने उचलून बघितलं. पेनाने! भाकरीवाल्या बायांना हात पुढे करायला लावून नखं तपासली. बोलणं पुण्याकडचं, स्वच्छ आणि थंड. शेवटी कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही एवढंच सापडलं. ते फोनवर टिपून त्या निघून गेल्या. नवऱ्याने त्याच संध्याकाळी झाकणाचा डबा आणला. ‘त्यायचं कामच आहे ते,’ म्हणाला. मीही सोडून दिलं. अधूनमधून कोणीतरी येतं, बघतं, जातं, हे आम्हाला नवीन नव्हतं.

पण त्या बाई पुन्हा आल्या. मग पुन्हा. कधी टाकीचं पाणी बाटलीत भरून नेलं, कधी मसाल्याचे डबे उघडून हुंगले आणि शिंकत बाहेर आल्या. एकदा तर हाताखालची माणसं घेऊन आल्या आणि लोक जेवत असताना त्यांच्यादेखत रश्श्याचे नमुने भरून बरण्यांना सील ठोकलं. कोपऱ्यातल्या टेबलावर एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या आईने लेकीच्या तोंडापर्यंत गेलेला घास हात धरून थांबवला, ताटात ठेवायला लावला आणि सगळी उठून गेली. मी त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेले. काय सांगणार होते कोण जाणे. पुढे अहवाल चांगला आला, रश्श्यात काहीही दोष नाही असा. पण त्या मुलीच्या आईला तो अहवाल कोण दाखवणार?

माणसं बोलायला लागली. शेजारच्या हार्डवेअरवाल्याने मला तोंडावर विचारलं, ‘काही लफडं आहे का वहिनी? इतक्या खेपा कोणी उगाच मारते का?’ मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. पण तो जे बोलला ते बाकीचे मनात बोलत होते, एवढं मला कळत होतं.

माझ्या नवऱ्याविषयी सांगायला हवं. तो कमी बोलतो. जुन्या नागपुरात, महाल भागातल्या एका गल्लीत एक जुनं भोजनालय होतं, तिथे भांडी घासण्यापासून सुरुवात करून तो पातेल्यापर्यंत पोचला. मसाला अजूनही स्वतः भाजतो. भिवापुरी मिरची, खसखस, दगडफूल, मिरे, सुकं खोबरं, सगळं वेगवेगळं आणि सावकाश. त्या वेळी त्याला हाक मारलेली चालत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याच्या हातचं खाल्लं तेव्हा माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तरी मी आणखी भाकर मागून घेतली होती. त्याच्या रश्श्याचं असंच आहे. माणूस घाम पुसतो, नाक ओढतो, शिव्या घालतो आणि पुन्हा वाटी पुढे करतो.

एका दुपारी त्या बाई आल्या आणि मी दारातच आडवी उभी राहिले.

‘मॅडम, एक सांगा मले. या रस्त्यावर इतकी हॉटेलं आहेत. तुमी आमच्याकडेच काहून येऊन राहिल्या?’

‘मी ठरवत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘आता कुठे जायचं ते संगणक ठरवतो. सकाळी फोनवर नावं येतात. तुमच्या जागेचा धोका जास्त दाखवतोय.’

नवरा आतून हात पुसत बाहेर आला. आमच्या नागपुरात मराठीत हिंदी अशी कालवलेली असते की धोका म्हटलं की माणसाला फसवणूकच ऐकू येते. त्याला तेच ऐकू आलं.

‘धोका? मॅडम, मी आजवर कोणाले धोका देल्ला नाही. शिळं वाढलं नाही. मटणात भेसळ केली नाही. कोणालेही विचारा.’

‘तो धोका नाही हो. रिस्क. तुमच्याकडे जेवून लोक आजारी पडण्याची शक्यता.’

मला वाटलं आता हा शांत होईल. पण त्याच्या चेहऱ्याचा रंगच उतरला. फसवणुकीचा आळ त्याला खोडता आला असता. हे त्याला खोडता येईना.

‘कोण आजारी पडलं? नाव सांगा,’ मी म्हटलं.

‘लोक स्वतःच लिहितात नेटवर. यंत्र ते वाचतं.’ त्यांनी फोन काढला आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचायला लागल्या. ‘“मेलो भाऊ मेलो, सकाळपर्यंत आग.” हे दुसरं. “पोटात जाळ, डोळ्यांत पाणी, जीव गेला.” हे हिंदीत आहे. “सावजी ने जान निकाल दी.” आणखी वाचू?’

मला हसू आलं. जेवणारी काही माणसंही हसली. ‘अहो मॅडम, हे कौतुक आहे!’

‘मेलो, हे कौतुक?’

‘नागपुरात आहे.’

त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी काहीतरी दडवण्यासाठी बनवून सांगत होते. ‘तसं लिहायला माझ्या फोनवर जागा नाही,’ म्हणाल्या आणि माझ्या बाजूने आत गेल्या. चपलांसकट.

मी परवाना विभागाच्या ऑफिसात गेले. नवरा आला नाही. साहेबांनी खुर्ची दिली, ऐकून घेतलं आणि मला समजावायला लागले, जणू तक्रार घेऊन नाही, शिकवणी लावायला आले होते. ‘ताई, उलट चांगलं झालं. आता कोणाच्या ओळखीने तपासणी टळत नाही, कोणाच्या रागाने होत नाही. यंत्राला ना जात, ना पक्ष.’

पूर्वीचे एक तपासनीस मला आठवले. यायचे, पंख्याखाली बसून पोटभर जेवायचे, डबा बांधून न्यायचे आणि सही करून जायचे. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण त्यांना निदान रस्सा कळत होता.

साहेबांनी कोपऱ्यातल्या एका माणसाला हाक मारली. तो कंत्राटावरचा, यंत्राचं काम बघणारा, इथलाच. त्याने पडदा माझ्याकडे वळवून आमच्या गिऱ्हाइकांची वाक्यं दाखवली. वाचता वाचता तो स्वतःच हसायला लागला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं तसा थांबला.

‘मले समजते, काकू,’ तो हळूच म्हणाला. ‘मीबी खातो सावजी. पण मशीनले नाही समजत. आग, जाळ, पोट, मेलो, असे शब्द आले की ते आजार समजते. अन एकदा तपासणी झाली की तेबी ते हिशेबात धरते. जितक्या तपासण्या, तितका संशय वाढते.’

‘मग समजवा तिले.’

‘इथून नाही होत. बनवणारे दुसऱ्या शहरात बसतात. अर्ज द्या, मी वर पाठवतो.’

मी साहेबांना आमच्याच रस्त्यावरच्या एका एसी हॉटेलाचं सांगितलं. माझ्या भाचीचा वाढदिवस तिथे झाला आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरचे सगळे सलाइन लावून पडले होते. ‘तिथे काहून कोणी जात नाही?’

साहेबांनी त्या माणसाकडे बघितलं. त्याने शोधून सांगितलं, ‘तिथलं काही नाही. लोकायनं दिव्यांचं लिहिलं आहे, सोफ्याचं लिहिलं आहे. आजारी पडल्याचं कोणी लिहिलं नाही.’

‘आजारी माणूस दवाखान्यात जाते, लिहत बसते का?’ माझा आवाज चढला. बाहेर रांगेतली माणसं डोकावायला लागली.

साहेब उठून उभे राहिले. आता निघा, असा त्याचा अर्थ. ‘तुम्ही असं करा ताई, गिऱ्हाइकांना सांगा की असं काही लिहू नका. साधं लिहा. जेवण चांगलं होतं, इतकंच.’

अर्ज देऊन मी घरी आले. रस्ताभर मनात त्यांना शिव्या घालत होते, पण नवऱ्याला सांगताना मी मुद्दाम गंमत करून सांगितलं. मशीन कशी मेलो वाचून घाबरते, तो माणूस कसा साहेबासमोर हसला. वाटलं, हसेल. तो मसाल्याच्या पाट्याजवळ बसून ऐकत राहिला.

‘इतके जण पोट जळलं म्हणतात?’ त्याने विचारलं.

‘अहो, ते तसं नाही ना!’

‘इतके जण म्हणतात,’ तो पुन्हा म्हणाला आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी रस्सा लालभडक होता, वर तर्री होती, वासही होता. घास घेतला आणि मला कळलं. त्याने मिरची काढून घेतली होती, मिरे काढून घेतले होते. रंगासाठी दुसरी, बिनतिखटाची मिरची घातली होती. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका वर्षानुवर्षं आमच्याकडे जेवतात, माझ्या नवऱ्याला सावजीच म्हणतात. त्यांनी वाटी पुढे सरकवली. ‘वहिनी, सावजी आजारी आहेत काय?’

मी आत गेले. ‘हे काय करून ठेवलं?’

‘लोकायले त्रास नको.’

‘कोणाले त्रास झाला? त्या मशीनले? तिले तर तोंडही नाही!’

‘तुले काय माहीत, घरी जाऊन कोणाले काय होते?’ तो पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला. ‘आपल्याले इथून दिसते का ते? मी एवढ्या वर्षांत कोणाले विचारलं? नाही विचारलं.’

तेव्हापासून तो विचारायला लागला. हे मला सगळ्यात जास्त लागलं. माणूस जेवून हात धुऊन निघाला की हा कढईजवळून उठून यायचा, समोर उभा राहायचा आणि विचारायचा, ‘पोट ठीक आहे ना? मागच्या वेळी काही झालं नव्हतं ना?’ लोक ओशाळायचे. काही जण हसून, पाठीवर हात ठेवून जायचे. काही जण गोंधळून एकमेकांकडे बघायचे, आणि तीच माणसं पुन्हा दिसायची नाहीत. त्या बाईंनी सील ठोकून जेवढी गिऱ्हाइकं घालवली नसतील तेवढी माझ्या नवऱ्याने काळजीने घालवली. त्याचा राग मला त्याच्यावर काढता येत नव्हता. तो मी त्या बाईंच्या नावावर जमा करत गेले.

रेल्वेवाल्या काकांना मी सगळं सांगितलं. ते पेटले. ‘असं आहे काय? थांबा, पाहतो त्या मशीनकडं.’ त्यांनी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना फोन केले, सावजीला वाचवा म्हणाले, आणि आमची इमानदार माणसं आपापल्या फोनवर तुटून पडली. ‘मेलो तरी चालेल पण इथंच जेवणार.’ ‘या रश्श्यासाठी दहा वेळा मरू.’ ‘पोट जळो की फुटो, सावजी जिंदाबाद.’ काकांनी मोठ्या अभिमानाने मला ते वाचून दाखवलं. मी डोक्याला हात लावून खाली बसले.

त्याच आठवड्यात बाई आल्या, सोबत आणखी माणसं. दुपारची वेळ. त्यांनी जेवणाऱ्यांना उठवलं, तपासणी होईपर्यंत वाढणं बंद करायला लावलं, ओट्याखालच्या फरश्याही बघितल्या. काही सापडलं नाही. सापडणार नव्हतंच. नवरा भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात मागे बांधून.

मी आत जाऊन डाळकांद्याचा रस्सा तापवला. त्यात मसाला मी स्वतः घातला, तो पूर्वी सढळ हाताने घालायचा तसा. बाई मांसाहार करत नाहीत हे मी मटणाच्या वासाने आक्रसणाऱ्या त्यांच्या नाकावरूनच ओळखलं होतं. वाटी आणि भाकर त्यांच्यासमोर ठेवली.

‘खा.’

‘ड्यूटीवर मी काही घेत नाही.’

‘चव तरी घ्या. मेलो म्हणजे काय ते समजेल.’

‘बाई, बाजूला व्हा.’

‘नाही होत. तुमी इतक्यांदा आल्या. आमची नखं पाहिली, फरश्या पाहिल्या. एक घास खाल्ला नाही. मग कायची तपासणी करून राहिल्या तुमी?’

त्यांचा थंडपणा तेव्हा पहिल्यांदा सुटला. ‘तुम्हाला काय वाटतं, मला हौस आहे?’ त्या मोठ्याने म्हणाल्या. ‘फोनवर नाव आलं आणि मी गेले नाही तर माझ्या नावापुढे लाल खूण पडते. का गेला नाहीत, लेखी द्या. तेच यंत्र मलाही मोजतं. माझी मुलं तिकडे पुण्याला, मी इकडे उन्हात पत्ते शोधत फिरते. तुमच्यासारखे सगळेच अंगावर येतात.’

कोणाला वाटेल की मला तेव्हा त्यांची दया आली असेल. नाही आली.

‘मग त्या यंत्राशी भांडा,’ मी म्हटलं. ‘आमच्या चुलीशी काहून भांडता?’

त्या आपल्या माणसांना ‘चला’ म्हणाल्या. वाटी तशीच राहिली. काकांनी ती उचलली आणि उभ्यानेच संपवली.

पण नवऱ्याने त्या दिवशी हात टेकले. पाटीवरून सावजी हा शब्द त्याने पेंटर बोलावून पुसायला लावला. नुसतं भोजनालय राहिलं. वरण-भात, पोळी, पनीरची भाजी. आमच्या पनीरच्या भाजीविषयी कोणी काही लिहिलं नाही. लिहावं असं त्यात काही नव्हतंच. एकाने लिहिलं, ‘ठीक आहे.’ काकांनी लिहिलं, ‘पूर्वीचं राहिलं नाही.’ मशीनला त्यात कसलाही आजार दिसला नाही. तपासण्या विरळ होत होत थांबल्या. ऑफिसच्या लेखी आम्ही सुधारलो.

घरात मात्र आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होतो. मी म्हणायचे, तुमी घाबरले. तो म्हणायचा, तुले भांडायलेच आवडते. दोन्ही खरं होतं. त्याच्या हाताखालचं पातेलं आता कोणीही ढवळू शकलं असतं आणि तो ढवळू देत होता. मसाला भाजताना कोणी हाक मारली तरी आता चालत होतं, कारण मसाला भाजणंच थांबलं होतं.

बऱ्याच महिन्यांनी त्या कंत्राटावरच्या माणसाचा फोन आला. ‘काकू, तुमचा अर्ज वर वाचला कोणीतरी. आजाराच्या यादीतून आपल्या इकडचे काही शब्द काढून टाकले म्हणतात. आता मेलो चालते.’ त्याला आनंद झाला होता. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘आता काय उपयोग?’ तरी पुढच्या रविवारी त्याने मिरची आणली. पहिल्या दिवशीचा रस्सा कच्चा झाला. दुसऱ्या खेपेचा बरा झाला. काका येऊन जेवले, नाक ओढलं, पण पूर्वीसारखी शिवी दिली नाही. कदाचित त्याला जपण्यासाठी दिली नसेल. ते जपणंही मला डाचलं.

आता जुना रस्सा होतो, पण रोज नाही. पाटीवर तो शब्द पुन्हा लिहिलेला नाही.

शेवटची गोष्ट त्या बाईंची. यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर त्या आल्या, फोन पर्समध्ये, ओळखपत्र गळ्यात नाही. तपासणी नव्हती. बदली झाली होती, तिकडची, घराजवळची. रस्त्याने जाता जाता थांबल्या म्हणाल्या. का थांबल्या ते मला अजून समजलेलं नाही.

‘बरं झालं,’ मी म्हटलं. आमचं बरं झालं की त्यांचं, ते मी स्पष्ट केलं नाही.

नवऱ्याने त्यांना खुर्ची दिली. स्वतः चहा केला आणि आणून दिला. त्या घोट घेत असताना तो समोर उभा राहिला, गिऱ्हाइकांपुढे राहायचा तसा.

‘मॅडम, आता तुमी जाऊन राहिल्या. एक खरं सांगा. माझ्या हातचं खाऊन खरंच कोणी आजारी पडलं असंन का?’

त्याला फक्त ‘नाही’ ऐकायचं होतं. कोणालाही ते कळलं असतं.

बाईंनी ओठांपासून कप खाली घेतला. ‘नमुने तर प्रत्येक वेळी चांगलेच आले होते,’ त्या म्हणाल्या.

‘ते माहीत आहे. तुमाले काय वाटते?’

त्यांनी खरोखर विचार केला असं मला वाटतं. पण इतक्या वेळा आत येऊनही त्यांना आमच्याविषयी काही वाटायची सवयच लागली नसावी.

‘मी तसं कसं सांगू?’

‘तिच्या फोनले विचारा,’ मी गल्ल्यावरून म्हटलं. ‘तिले स्वतःचं काही माहीत नसते.’

बाईंनी अर्धाच प्यायलेला कप टेबलावर ठेवला, नवऱ्याला नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता बाहेर पडल्या. रस्ता ओलांडून ऑटोत बसेपर्यंत मी त्यांची पाठ बघत होते.

‘चहा तरी पुरा पिऊ द्यायचा होता वं,’ नवरा म्हणाला.

‘तिनं आपली वाटी पिली होती का?’

तो कप उचलून आत गेला. दुपारची माणसं यायला लागली होती, मी ताटं मांडायला घेतली. त्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. पण मला मुद्दाम सांगायचं आहे की मी जे म्हटलं ते आजही मागे घेतलेलं नाही.